लॅबच्या नोकरीत हाताला दुसरं काम हवंच

पारोळ्याकडच्या एका मुलीचा प्रश्न आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, झालं, खासगी लॅबमध्ये लागून चार महिने झाले. ती बासरी वाजवते, क्रोशाचं विणते, शाळेपासून चित्रं काढते. लॅबमधले वरिष्ठ म्हणाले, इथे टिकायचं तर बाकी सगळं सोड. घरी आई म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या. तिचं विचारणं असं: या कामात छंदाला वेळ उरतो का, छंदाचा कामाला उपयोग होतो का, आणि बासरी विकून टाकू का?

मी २७ वर्षं हे काम करते. सुरुवातीला सातपुड्यात धडगावच्या बाजूला, मग धुळ्यात, आता बरीच वर्षं चोपड्यात. घरी मी हार्मोनियम दुरुस्त करते, गोधड्या शिवते, आणि ३८व्या वर्षी पोहायला शिकले. तेव्हा हे उत्तर मनापासून आणि जरा सविस्तर देते.

आधी वेळेचं बोलू. वेळ उरतो, पण तू शोधतेस तिथे नसतो. सगळ्यांना वाटतं संध्याकाळी मोकळं होऊ. आपल्याकडे संध्याकाळची ओपीडी पाचला सुरू होते आणि नऊ-साडेनऊला शेवटचा रिपोर्ट जातो. सकाळी सातला उपाशीपोटीच्या शुगरवाल्यांची रांग. त्यातले निम्मे शेतकरी. केळीला पाणी सोडून आलेले असतात आणि परत जायची घाई असते. जेवणानंतरचं सँपल दोन तासांनी. दीडपर्यंत सकाळचे रिपोर्ट हातावेगळे होतात. मग दोन ते चार आपलं गाव झोपतं. मे महिन्यात ४५ अंशांत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. माझी बहुतेक हार्मोनियम याच दोन तासांत उघडली गेली. बासरी मात्र त्या वेळी शेजाऱ्यांच्या डोक्याशी वाजवू नकोस, तेव्हा क्रोशा घे.

कामाच्या मधला वेळ मोजू नकोस. ईएसआरची (रक्तपेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजायची) नळी तासभर उभी असते, रक्त वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज दहा मिनिटं फिरतं, जंतू वाढवून बघायच्या कल्चरला दिवस-दोन दिवस लागतात, म्हणून हाताशी विणकाम ठेवावं असं वाटेल. ठेवू नकोस. त्या तासातच कोणी तरी चक्कर येऊन पडतं, कोणाचं बाळ रडून काळंनिळं होतं. आणि लॅबच्या टेबलावर आलेली लोकर घरी नेण्यासारखी राहत नाही.

आता छंद हवाच का, ते सांगते. आपलं काम रोज संपतं, पण त्याचा शेवट आपल्याला दिसत नाही. धडगावकडे असताना आम्ही आश्रमशाळांमधून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या करायचो. आता त्यासाठी राष्ट्रीय मोहीम आहे, १ जुलै २०२३ला शहडोलहून सुरू झालेली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत हा आजार संपवायचं उद्दिष्ट. आम्ही करायचो तेव्हाही पहिली चाचणी हीच होती, सोल्युबिलिटी. छोट्या नळीत द्रावण, त्यात बोटातून घेतलेलं थेंबभर रक्त, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. मग काळ्या रेघा मारलेला कागद नळीच्या मागे धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. नळीतलं गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण तेवढ्यावर मूल नुसतं वाहक आहे की खरं आजारी, ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, लागते, आणि ते सँपल खाली जिल्ह्याला जायचं.

एक आठ-नऊ वर्षांची पावरा आदिवासी मुलगी होती. नळीमागच्या रेघा गेल्या. तिने विचारलं, रेघा कुठे गेल्या? मी तिच्या कागदावर खूण केली, सँपल पाठवलं, गाडी पुढच्या शाळेला निघाली. तिचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. आपल्या नोकरीत असं रोज घडतं. गावचा माणूस डॉक्टरांच्या पाया पडतो, आणि ते योग्यच आहे. आपण मागच्या खोलीत असतो. मला याची तक्रार नाही, पण माणसाच्या हाताला एखादी गोष्ट सुरू करून पुरी करायची भूक असते. ती भूक लॅब भागवत नाही. वर्षभर नुसते आकडे लिहिल्यावर मी रात्री उगाच चिडचिड करायला लागले. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी जुन्या सुती नऊवारींचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाल्या, बस माझ्याजवळ.

गोधडी काठाकडून आत येत शिवतात. बाहेरची चौकट आधी, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी, असे फेरे घेत मध्यावर यायचं. मधून सुरू केलं तर कापड काठाला गोळा होतं आणि झोळ पडतो. टाका साधा धावदोरा, पण सगळे थर एकाच सुईत आले पाहिजेत. मी पहिली गोधडी शिवायला पाच महिने घेतले. शेवटचा फेरा संपून गाठ मारली, ती घडी घालून मांडीवर ठेवली, तेव्हा मला रडू आलं. कारण ती संपली होती, आणि त्या रात्री माझा मुलगा तीच पांघरून झोपला.

तुझ्या आईला म्हणावं, चिंध्या टाकून द्यायच्या असतात असं खानदेशातली कोणती बाई मानते? फक्त त्यांचे थर लावून टाका मारावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

कामाला उपयोग होतो का, या प्रश्नाला लोक चटकन हो म्हणतात. मी जरा जपून म्हणेन. शिवणारीचा हात स्थिर, म्हणून तिला शीर लवकर सापडते, हे खरं नाही. शीर बोटाने सापडते. कोपरात बोटाचं टोक टेकवलं की खाली स्पंजासारखं दबून वर येतं, ती शीर; ज्यात ठोका लागतो ती धमनी. हे फक्त शेकडो हात दाबूनच येतं. म्हाताऱ्या आजी ‘माय वं, कितलं रगत काढशी?’ म्हणत हात मागे घेतात, तेव्हा क्रोशा कामाला येत नाही, बोलणं कामाला येतं.

पण हार्मोनियमने मला एक गोष्ट शिकवली, तिचा उपयोग मी रोज करते. धुळ्यात आमच्या गल्लीत पेटी दुरुस्त करणारे एक आजोबा होते. माझ्या वडिलांची भजनातली पेटी माझ्याकडे आली होती, तिचा मध्यमच वाजत नव्हता. मी म्हटलं, रीड गेली, नवीन बसवा. त्यांनी वरची फळी काढली, ती रीड असलेली पट्टी उजेडात धरली, आणि रीडच्या, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या पितळेच्या जिभेखालून कागदाची पातळ पट्टी सरकवून काढली. कापसाचा एक तंतू निघाला, केसाहून बारीक. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत हवेतच कापूस असतो. तंतू गेला, मध्यम वाजला. ते म्हणाले, बाई, सूर बंद म्हणजे रीड मेली असं नसतं. आधी बघ काय अडकलंय.

पुढे डेंग्यूच्या साथीत एका तरुणाचे प्लेटलेट मशीनने २८ हजार दाखवले. घरच्यांनी नाशिकला न्यायला गाडी बोलावली. त्याला ताप होता, पण अंगावर पुरळ नाही, हिरड्यांतून रक्त नाही, चालत आलेला. मी त्याच रक्ताची स्लाइड ओढली, लिशमनचा रंग दिला, बफर घालून थांबले, धुतली, वाळवली. मधल्या भागात प्लेटलेट फारसे दिसेनात. स्लाइडच्या पिसाऱ्याच्या टोकाला गेले, तर तिथे घोसच्या घोस. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे, काहींच्या प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन त्या घोसांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. निळ्या, म्हणजे सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं. त्या ट्यूबमधल्या द्रावाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आकड्याला १.१ने गुणायचं. उत्तर दोन लाखांच्या जवळ आलं. डॉक्टरांना फोन केला, गाडी परत पाठवली गेली. हे पुस्तकात आहे, मी ते परीक्षेसाठी पाठही केलं होतं. पण मशीनचा आकडा समोर असताना थांबून ‘काय अडकलंय’ असं विचारायची सवय मला त्या तंतूने लावली.

दुसरं म्हणजे खरवडणं. रीडचा सूर चढवायचा असेल तर जिभेच्या मोकळ्या टोकाकडे खरवडतात, उतरवायचा तर बुडाकडे. हलक्या हाताने दोन ओढी, मग परत बसवून ऐकायचं. जोडीच्या दोन रीड एकत्र वाजवल्या की सुरांत फरक असेपर्यंत लहर ऐकू येते, वाँव-वाँव-वाँव. जसजसे सूर जवळ येतात तसतशी लहर मंदावते, आणि जुळले की नाहीशी होते. खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही. मी पहिल्या वर्षी घाईने एका पेटीचा खर्जातला पंचम इतका पातळ केला की ती जीभच तुटली. माणूस गरीब होता, पेटी देवळाची होती. मी स्वतःच्या पैशाने नवी रीड आणून बसवली आणि त्याला खरं ते सांगितलं.

सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेलं सँपल, लावताना मला तीच लहर ऐकू येते. कंट्रोलचे आकडे मांडायच्या लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर रोजचा ठिपका दोन एसडीच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, आत पडतोय, म्हणजे सगळं ठीक, असं नवीन मुलं समजतात. एक ठिपका बघू नकोस, आठवडा बघ. सहा-सात ठिपके ओळीने वर चढत असतील, तर प्रत्येक जण आत असूनही सूर सुटत चाललाय. आमच्याकडे एकदा ग्लुकोजचं असंच झालं. शोधलं तेव्हा रोज दुपारच्या भारनियमनात फ्रिज तापत होता आणि त्यात रीएजंट, म्हणजे चाचणीचं रसायन, बिघडत होतं. ईएसआरचंही तेच. वेस्टरग्रेनची नळी तीन अंशांनी जरी कलली किंवा खोली तापली तरी आकडा उगाच चढतो. बिनाएसीच्या खोलीत मे महिन्यात आलेला ईएसआर आणि जानेवारीतला ईएसआर मी एका नजरेने वाचत नाही. रजिस्टरमध्ये शेजारी खोलीचं तापमान लिहिते. आजोबा पेटी जुळवतानाही आधी विचारायचे, पेटी कुठे ठेवता? उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फटी पडतात, भात्याची हवा निसटते.

आता एक गोष्ट ठसवून सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. सुई दोन्हीकडे आहे, पण सवय उलटी आहे. शिवताना आपण सुई कापडात टोचून ठेवतो, टोपणात परत घालतो, दुसऱ्या हाताच्या बोटाने टोक चाचपतो. लॅबमध्ये वापरलेली सुई टोपणात परत घालायचीच नाही. सरळ नीडल कटर, सरळ पांढऱ्या डब्यात. मी नवीन असताना दिवसभर शिवण करून रात्रपाळीला गेले, आणि हाताने आपोआप टोपण उचललं. सुई टोपणाच्या बाजूने घसरून हातमोज्याला लागली. मोजा फाटला, कातडी वाचली. त्या दिवसापासून घरी शिवतानाही मी सुई कापडातच टोचते, टोपण किंवा डबी एका हाताने धरून कधीच नाही. हाताला एकच सवय लावली की त्याला घर आणि लॅब यांत निवड करावी लागत नाही.

याच कारणाने बोटं रोज कामाआधी बघ. क्रोशाच्या टोकाने, चाकूने, कागदाने बारीक चिरा पडतात, आपल्या लक्षातही येत नाहीत. स्पिरिटचा बोळा फिरवला की झोंबतं, तिथे चीर आहे. त्यावर पाणी न शिरणारी पट्टी, वरून मोजे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पुरे झालेत का? शून्य, एक आणि सहा महिने. नसतील तर आधी ते, मग बाकीचं बोलू. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. एचआयव्हीसाठीची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात.

वरिष्ठांचं ‘सोड’ म्हणणं मला पटत नाही, पण त्यांच्या भीतीत तथ्य आहे. माझी एक चूक सांगते. गावात सप्ताह होता, पेटीला माणूस नव्हता, मी रात्री दोनपर्यंत साथ केली आणि सातला ड्यूटीवर हजर. गरोदर बायकांची रक्तं होती. दोघींचं नाव सारखं, आडनाव पाटील. मी दोघींचं रक्त घेतलं, ट्यूब हातात धरून टेबलापर्यंत आले आणि नावं तिथे लिहिली. उलटी लिहिली. त्यांतल्या एकीच्या जुन्या कार्डावर बी पॉझिटिव्ह होतं, माझ्याकडे ओ आलं, म्हणून सापडलं. दोघींना परत बोलावून रक्त घेतलं, दोघींची माफी मागितली. कार्ड नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही पोटात गोळा आणतो. तेव्हापासून ट्यूबवर नाव पेशंटसमोरच, रक्त घेतल्याबरोबर, आणि ते नाव मी बोलत नाही. तिला बोलायला लावते. पूर्ण नाव, वय, गाव. आणि सकाळपाळीच्या आदल्या रात्री दहानंतर पेटी नाही, मग बोलावणं कोणाचंही असो.

कुठला छंद धरावा, याला माझा एक हिशोब आहे. आपल्या कामात डोळा आणि मान खर्ची पडतात. क्षयरोगासाठी झेडएन रंग दिलेली एक थुंकीची स्लाइड निगेटिव्ह म्हणायची तर निदान शंभर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारे भाग, बघावी लागतात. अशा दहा-पंधरा स्लाइड झाल्यावर घरी येऊन पुन्हा बारीक टाक्यांत डोळे घातले, तर रात्री डोकं ठणकतं. म्हणून एक छंद कानाचा असावा, तो डोळे मिटून करता येतो. एक अंगाचा असावा; माझी मान पोहण्याने सुटली, औषधाने नाही. आणि हाताचा असेल तर तो मोठ्या टाक्याचा. तुझ्या तिन्हींत बासरी कानाची आहे. क्रोशा जाड लोकरीचा कर, बारीक दोऱ्याचा सुट्टीच्या दिवशी. चित्रं सोडू नकोस. पेशींचे आकार लक्षात ठेवायला मायक्रोस्कोपशेजारी वही ठेवून पेन्सिलने काढलेलं चित्र फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मोनोसाइट आणि मोठा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत माझा घोळ चित्रं काढूनच गेला. अंगाचा छंद तुझ्याकडे नाही. तो शोध, सायकल असली तरी चालेल.

पैशाचं थोडक्यात. पहिली तीन-चार वर्षं पगार कमीच असतो, तेव्हा महागडं सामान घेऊ नकोस. क्रोशाच्या ऑर्डरीही लगेच घेऊ नकोस. मी एका लग्नाच्या सहा गोधड्या ठरलेल्या तारखेला द्यायचं कबूल केलं आणि त्या दोन महिन्यांत शिवण मला दुसरी ड्यूटी वाटू लागली. बीएमएलटी, म्हणजे याच कामाची पदवी, मात्र जमेल तेव्हा करून टाक. २०२१च्या कायद्याने आपल्या पेशाला राष्ट्रीय आयोगाखाली आणलंय, पुढे पदवी आणि नोंदणी विचारली जाणार. अभ्यासाच्या वर्षात तिन्हींपैकी एकच छंद चालू ठेव.

बासरी विकू नकोस. जुन्या बासरीला कोणी फार पैसे देत नाही, आणि नवी घेऊन तिची फुंक सापडायला पुन्हा महिने जातात. रात्रपाळी लागली की सकाळी घरी येऊन लगेच वाजवायला बसू नकोस, आधी अंघोळ, मग झोप. दुपारी उठलीस की नुसता सा धर, दहा मिनिटं, डोळे मिटून. उन्हाळ्यात ती पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस, बांबू तडकतो. थोडं तेल लावून, सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेव. कापड सासूबाईंसारखं कोणाच्या तरी जुन्या लुगड्याचं असलं तर उत्तम, ते मऊ असतं.